साहेबांच्या विंगेखाली

नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इंग्रजीतून सांगितलं, "डोन्ट वरी. आय विल टेक यू अंडर माय विंग."

मी तेव्हा चिपळूणजवळच्या एका खेड्यातून अंधेरीत नुकताच आलो होतो. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं होतं, ऐकण्यापुरतं नव्हतं. 'विंग' हा शब्द मात्र मुंबईत पाय ठेवल्यापासून दोन दिवसांत पाठ झाला होता. ज्या मामांकडे उतरलो होतो त्यांच्या सोसायटीत ए विंगवाले आणि बी विंगवाले पाण्याच्या टाकीवरून एकमेकांवर डोळा ठेवून असत. त्यामुळे साहेब आपल्याला त्यांच्या विंगेच्या खाली, तळमजल्यावर का होईना, एखादी खोली देणार असा माझा आनंदी समज झाला. "थँक्यू सर, डिपॉझिट किती?" असं मी विचारणारच होतो, तेवढ्यात चहा आला आणि अब्रू वाचली.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून गावी फोन लावला. आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या दुकानात लावायचा, दुकानदार आईला हाक मारणार, आणि आई हात पुसत येईपर्यंत बूथचं मीटर पळत राहणार.

"साहेब चांगले आहेत," मी ओरडून सांगितलं. "मला विंगेत घेतलंय."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"नाटकात?" आई म्हणाली. "आणि नोकरीचं काय?"

आता मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, सगळ्यांत बरोबर अर्थ आईलाच कळला होता. आमच्या गावात शिमग्यानंतर हौशी नाटक बसायचं. विंग म्हणजे पडद्याच्या कडेची ती अंधारी जागा, जिथे शाळेतले एक मास्तर हातात वही आणि बॅटरी घेऊन उभे राहत आणि अडलेल्या पात्राला वाक्यं पुरवत. पुढची तीन वर्षं नोकरीत माझं नेमकं तेच झालं. फरक एवढाच की मास्तर कुजबुजत. साहेब विंगेतून थेट रंगमंचावर येत आणि माझी वाक्यं स्वतःच म्हणून टाकत.

खरा अर्थ दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या फाटक्या शब्दकोशात सापडला. एखाद्याला आपल्या पंखाखाली घेणे, म्हणजे त्याला सांभाळणे, शिकवणे, वाऱ्यापावसापासून जपणे. वर चित्र डोळ्यांसमोर आणायचं ते कोंबडीचं आणि तिच्या पिल्लांचं. म्हणजे या प्रकारात मी पिल्लू आणि साहेब कोंबडी. साहेब सहा फूट उंच, मिशा भरघोस, आणि आवाज असा की हाक मारली तर शिपाई खालच्या मजल्यावरून ओ द्यायचा. इंग्रजीची ही गंमत आहे. तिथला मिशीवाला ब्रिगेडियरसुद्धा 'मी त्या पोराला पंखाखाली घेतलं' असं छाती फुगवून सांगतो आणि आपण आत्ता भर मेसमध्ये कोंबडी झालो हे त्याच्या गावीही नसतं. कारण कोंबडा पिल्लांना पंखाखाली घेत बसत नाही. कोंबडा पहाटे ओरडतो आणि दिवसभर तुरा मिरवत फिरतो. तसेही साहेब पुढे पुष्कळ भेटले, पण त्याला कुणी मार्गदर्शन म्हणत नाही.

कोंबडीच्या बाबतीत मात्र मला शब्दकोशापेक्षा जास्त कळत होतं. आजीकडे सातआठ कोंबड्या असायच्या आणि त्यातली एखादी अधूनमधून खुडूक व्हायची. खुडूक म्हणजे काय हे ज्या शहरी वाचकांना माहीत नसेल त्यांनी नुकतीच बढती मिळालेला अधिकारी डोळ्यांसमोर आणावा. अंग फुगवून एकाच जागी बसायचं, जवळ कुणी आलं की गुरगुरायचं, अंडी देणं बंद, आणि अंगाखाली काही असो वा नसो, जागा सोडायची नाही. अंडी काढून घेऊन खाली दोन कांदे ठेवले तर ती कांदेही तितक्याच निष्ठेने उबवते. आजीला पिल्लं हवी असली तर ती तिच्याखाली दहाबारा अंडी सरकवायची आणि भिंतीवर कोळशाने रेघा मारून 21 दिवस मोजायची. पिल्लं नको असली तर सरळ कोंबडी उचलायची आणि घंगाळातल्या गार पाण्यात बुचकळून काढायची. एकदोन बुचकळ्यांत खुडूकपणा उतरायचा. असं एक घंगाळ प्रत्येक कंपनीच्या एचआर खात्यात ठेवायला माझी हरकत नाही.

आणि एक गोष्ट शब्दकोशात नव्हती. पिल्लं खरं म्हणजे नुसती पंखाखाली नसतात, पोटाखाली असतात. पंख हे वरचं झाकण. अंड्यांवर बसायच्या सुमारास कोंबडीच्या छातीपोटावरची पिसं झडतात, म्हणजे उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना लागते. तिचं अंग साधारण 41 अंश सेल्सिअस तापलेलं असतं. माणसाला एवढा ताप आला तर आपण रिक्षा बोलावू. पिल्लाला पहिले काही आठवडे स्वतःची ऊब राखता येत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. दिवसातून एकदा ती उठते, घाईघाईने चार दाणे टिपते, पाणी पिते आणि परत येऊन बसते. पंख दिसतो सगळ्यांना. पिसं कुठली गेली ते फक्त तिला ठाऊक.

साहेबांचीही पिसं गेली होती, हे खोटं कशाला बोलू. खोलीच्या डिपॉझिटचे पैसे त्यांनीच उसने दिले आणि तीन वेळा मागायला विसरले. मला कावीळ झाली तेव्हा स्वतःच्या घरी आठ दिवस ठेवून घेतलं. डब्यातली भरली वांगी रोज अर्धी माझ्या ताटलीत पडायची. वहिनी पुढेपुढे सहा वांग्यांच्या जागी नऊ देऊ लागल्या. पत्र कसं लिहायचं, कुठल्या फाइलवर कुणाची सही आधी घ्यायची, कुणाच्या टेबलावर चहा प्यायचा आणि कुणाच्या टेबलावर प्यायचा नाही, हे सगळं त्यांनी शिकवलं. माझ्या पहिल्या पत्रावर त्यांनी लाल शाईने एवढ्या दुरुस्त्या केल्या की माझं स्वतःचं असं त्यात शेवटी फक्त तारीख उरली. तीही चुकली होती.

पण दर गुरुवारी मीटिंग असायची.

मोठे साहेब टेबलाच्या टोकाला. ते माझ्याकडे बघून विचारायचे, "गोदामात माल किती पडून आहे?" आकडा मी सकाळी स्वतः मोजून आणलेला असायचा. मी घसा साफ करून म्हणायचो, "सर, साधारण..." आणि शेजारून साहेबांचा पंख सपकन उघडायचा. "हजार पेट्या सर! काय रे?" मी म्हणायचो, "हो सर." तीन वर्षांत त्या खोलीत मी जे काही बोललो ते 'साधारण' आणि 'हो सर' एवढ्यात मावतं. ऑफिसात माझं नावच 'साधारण' पडलं. बढतीच्या यादीत नाव नाही म्हटल्यावर एकजण म्हणाला, "आडनाव बदल, असाधारण कर."

ऑफिसची भाषा इंग्रजी शब्दकोशापेक्षा कमी हळवी होती. पंखाखाली वगैरे कुणी म्हणत नसे. कुणी म्हणे मी 'साहेबांचा माणूस', कुणी म्हणे 'त्यांच्या तालमीतला', आणि मी खोलीतून बाहेर पडलो की 'चमचा'. यातली खोच अशी की या तीन शब्दांचा अर्थ एकच, फक्त बोलणारा कुठे उभा आहे त्यावर शब्द ठरतो. साहेब वर चढत होते तेव्हा मी 'त्यांच्या तालमीतला' होतो. मोठ्या साहेबांशी त्यांचं बिनसलं त्या आठवड्यात मला न विचारता माझी खुर्ची खिडकीपासून संडासाच्या दाराजवळ गेली. घार कोंबडीवर झडप घालत नाही, पिल्लावर घालते.

मराठीला या भावनेसाठी इंग्रजीच्या कोंबडीकडे जायची खरं तर गरजच नव्हती. आपल्याकडे जपणुकीचा सगळा कारभार कपड्यांवर आणि अवयवांवर चालतो. पदराखाली घ्यायचं, चुका पोटात घालायच्या, पाठीवर हात ठेवायचा, बोट धरून चालवायचं, डोक्यावर वरदहस्त, वर छत्रछाया. राजकारणात यातली फक्त शेवटची दोन शिल्लक आहेत, तीही चौकातल्या फ्लेक्सवर. एकाच गृहस्थाच्या फोटोखाली 'आधारस्तंभ', 'मार्गदर्शक', 'प्रेरणास्थान' अशी तीन पदं लिहिलेली असतात. सहा महिन्यांनी त्याच चौकात, त्याच कार्यकर्त्याच्या फ्लेक्सवर आधारस्तंभ दुसराच असतो आणि प्रेस तीच. साहेबांना यातलं काही जमण्यासारखं नव्हतं. पदर नव्हता, छत्री होती पण ती मोडकी, आणि पोटात घालण्याइतक्या माझ्या चुका लहान नव्हत्या.

पण पंखाचाही शब्द आपल्याकडे आहे आणि तो फार सुरेख आहे: पाखर घालणे. मायेची पाखर. आता हा शब्द श्रद्धांजलीच्या जाहिरातींत आणि मातृदिनाच्या मेसेजात तेवढा उरलाय. लढाईतल्या घोड्याच्या अंगावर चढवायच्या चिलखतालाही जुन्या मराठीत पाखर म्हणत. म्हणजे एकाच शब्दात ऊबही आली आणि लोखंडही. साहेबांना हा शब्द चपखल बसला असता. त्यांची पाखर दुसऱ्या जातीची होती. आतून हलता येत नसे.

वर्तमानपत्रवाल्यांनी मात्र पाखर सोडली आणि 'पंखाखाली घेतले' असं सरळ भाषांतर करून टाकलं. नव्या खेळाडूला माजी कर्णधार पंखाखाली घेतो, नव्या नटीला निर्माता घेतो. मी या भाषांतरावर बरीच वर्षं रागावून होतो. मग कळलं की हे पाप वर्तमानपत्रांचं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू यरुशलेमसाठी हळहळतो तो नेमक्या याच दृष्टांताने. कोंबडी पिल्लांना पंखांखाली गोळा करते तसं मला तुम्हांला गोळा करायचं होतं, पण तुम्ही आला नाहीत, असा त्याचा भाव. इंग्रजीत ही कोंबडी शिरली ती मुख्यतः त्या ग्रंथातून, आणि मराठीतही ती त्याच वाटेने आली. विल्यम कॅरीच्या देखरेखीखाली 1811 मध्ये नव्या कराराचं मराठी भाषांतर श्रीरामपूरला छापून निघालं (नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं). तेव्हापासून प्रत्येक भाषांतरकाराला ती कोंबडी मराठी अंगणात आणून सोडावीच लागली. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल सिद्ध करण्यात घालवली. त्या वेळी केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात दुष्काळाने उघड्यावर आणलेल्या शेकडो बायका-मुली राहत होत्या. ते वाक्य मराठीत लिहायचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही. त्या वाक्यातला खरा जीव शेवटच्या तुकड्यात आहे: पिल्लं आलीच नाहीत. पंख पसरून बसलेल्याची ती तक्रार आहे. आत बसलेल्या पिल्लाला काय वाटतं ते कुणी विचारलेलं नाही.

गुरू आणि शिष्य यांच्यासाठी तर आपल्याकडे सबंध प्राणिसंग्रहालय आहे. कुलार्णवतंत्रात दीक्षेचे प्रकार सांगताना म्हटलंय की पक्षीण पंखांच्या उबेने पिल्लं वाढवते तशी स्पर्शदीक्षा, मासोळी नुसत्या नजरेने वाढवते तशी दृक्‌दीक्षा, आणि कासवी दूर राहून नुसत्या ध्यानाने वाढवते ती त्याहून वरची. हे वाचल्यावर मला एका वरिष्ठांचा उलगडा झाला. ते मला दोन वर्षं भेटलेच नव्हते, तरी माझ्या वार्षिक अहवालात 'माझ्या मार्गदर्शनाखाली उत्तम प्रगती' असं लिहीत. मी त्यांना उगाच कामचुकार समजत होतो. ते कासव होते.

दक्षिणेतल्या वैष्णवांचा वाद तर याहून मजेदार. देव भक्ताला तारतो तो कसा? एक पंथ म्हणतो, मांजरीसारखा: पिल्लाने काही करायचं नाही, मांजरी मानगूट धरून नेईल तिथे लोंबकळत जायचं. दुसरा म्हणतो, माकडिणीसारखा: ती उड्या मारणार, पिल्लाने स्वतः घट्ट धरून ठेवायचं, सुटलं तर सुटलं. कुठल्याही ऑफिसात चार दिवस बसा, दोन्ही पंथ दिसतील. आमचे साहेब मार्जारपंथी. मानगूट सुटण्याचा प्रश्नच नव्हता.

एका पावसाळ्यात साहेबांच्या पित्ताशयातले खडे काढायचे ठरले आणि ते तीन आठवडे रजेवर गेले. गुरुवार आला. मोठ्या साहेबांनी विचारलं, "गोदामात माल किती?" मी म्हणालो, "सर, साधारण..." आणि सवयीने थांबलो. कुणीच पुढे बोलेना. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे. वाक्य आता आपल्यालाच पुरं करायचंय हे ध्यानात यायला मला चांगली दहा सेकंदं लागली. मग घाबरून म्हणालो, "साधारण बाराशे सदुसष्ट पेट्या. त्यातल्या चार फुटलेल्या." मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. "मग दर वेळी हजार कसे असतात?" मी म्हणालो, "हो सर." दुसरं काही मला येतच नव्हतं.

त्यानंतर मी पुण्याच्या शाखेत बदलीसाठी अर्ज केला. अर्ज साहेबांमार्फत जायचा होता. साहेब रजेवरून परतले, मायेने पाठीवर थाप मारली, "बघतो" म्हणाले. दोन महिने झाले, उत्तर नाही. एकदा स्टेपलरच्या पिना शोधायला त्यांचा खण उघडला, तर ग्लुकोज बिस्किटांचा अर्धा पुडा, पित्ताच्या गोळ्या, आणि त्याखाली चार घड्या घातलेला माझा अर्ज. मी तो हातात धरून उभा असतानाच साहेब आले. जरासुद्धा ओशाळले नाहीत. "तुझ्या भल्यासाठीच ठेवलाय रे. पुण्यात तुला बघणार कोण?"

त्या संध्याकाळी मला आजीची काळी कोंबडी आठवली. पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली, अंगावर पिसं धरली. रात्री ती अजूनही तिच्या अंगाखाली शिरू बघायची. निम्मी बाहेरच राहायची, कारण आता ती आईच्या अर्ध्याएवढी झाली होती. एक दिवस सकाळी अंगणात एक पिल्लू नेहमीसारखं तिच्या चोचीतला दाणा घ्यायला गेलं, तर तिने त्याच्या डोक्यात टोच मारली. त्याला वाटलं चुकून लागली. ते पुन्हा गेलं. तिने पुन्हा मारली, या वेळी पंख फडकवून तुळशीपर्यंत पिटाळलं. मी सहा-सात वर्षांचा होतो, मला रडू आलं. आजी तांदूळ निवडत होती, तिने मान वरसुद्धा केली नाही. "अरे, ती अंड्यावर आली आता. तिला तिची कामं आहेत."

इंग्रजांनी कोंबडी उचलली, पंख उचलला, ऊब उचलली. ही टोच तेवढी वाक्प्रचारात घ्यायची राहिली. पोल्ट्रीवाल्यांना ती बरोबर माहीत आहे. त्यांच्याकडे पंखाचं काम ब्रूडर करतो. ब्रूडर म्हणजे काय, तर पत्र्याच्या टोपीखाली बल्ब. पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या आसपास ऊब ठेवतात, मग दर आठवड्याला दोनतीन अंश कमी करत जातात, बल्ब थोडाथोडा वर ओढतात, आणि शेवटी काढून टाकतात. म्हणजे पंखाखाली घेण्याचं काम शंभर वॉटच्या बल्बलाही जमतं. वर ओढायला मात्र कुणीतरी माणूस लागतो.

मुंबईत हे कुणाला जमलं असेल तर शिवाजी पार्कवरच्या रमाकांत आचरेकरांना. त्यांच्याकडे ना पंख होता ना पदर, एक स्कूटर होती. लहानग्या सचिनला मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, एका दिवसात जास्तीत जास्त सामने खेळता यावेत म्हणून. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे; गोलंदाजाने बाद केलं तर नाणं त्याचं, शेवटपर्यंत टिकला तर सचिनचं. अशी 13 नाणी त्याने जपून ठेवली आहेत. सामना सोडून दुसऱ्यांचा खेळ बघत टाळ्या वाजवत बसला तेव्हा थोबाडीतही मिळाली. आणि 2013 मध्ये वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना त्याने सांगितलं की सरांनी त्याला आजवर एकदाही 'छान खेळलास' म्हटलेलं नाही. माझ्या मते मराठीत 'अंडर माय विंग'चं अचूक भाषांतर 'स्कूटरवर मागे बसवणे' असं करायला हवं. वारा सगळा तोंडावर लागतो, पण मैदान बरोबर गाठलं जातं. आणि एकदा मैदान आलं की उतरावंच लागतं, बॅटिंग करायला सर येत नाहीत.

मी शेवटी बदलीचा नाद सोडून नोकरीच सोडली. साहेब दीड वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मग एका लग्नात भेटले. मी तोवर दुसऱ्या कंपनीत बऱ्या हुद्द्यावर पोचलो होतो. साहेबांनी लांबूनच हात केला, मला ओढून व्याह्यांपुढे उभं केलं आणि म्हणाले, "हा बघा! माझ्या पंखाखाली वाढला." त्या वाक्प्रचाराचं व्याकरण मला तिथे, मठ्ठ्याचा ग्लास हातात असताना, समजलं. तो जवळजवळ नेहमी भूतकाळात वापरतात, बोलणारा नेहमी पंखवाला असतो, आणि पिल्लू चांगलं निघालं तरच वापरतात. निलंबित झालेला माणूस या देशात आजवर कुणाच्याच पंखाखाली वाढलेला नाही.

आता मी स्वतः पन्नाशी ओलांडली आहे, आणि गेल्या वर्षी आमच्या एचआरने मला 'मेंटॉर' नेमलं. ज्याला सांभाळायचं तो 'मेंटी'. पहिल्यांदा ईमेल वाचली तेव्हा मला ते 'मेंढी' वाटलं, आणि क्षणभर योजना जास्त प्रामाणिक वाटली. मेंटॉर हा शब्द होमरच्या 'ओडिसी'तला. ओडिसियस युद्धाला निघताना आपलं घर या मेंटॉर नावाच्या जुन्या मित्राच्या हवाली करून गेला. वीस वर्षांनी परत येऊन बघतो तर घरात 108 रिकामटेकडे त्याच्या बायकोशी लग्न लावायला तळ ठोकून बसलेले, जपमाळेच्या मण्यांइतके, आणि रोज त्याचीच डुकरं कापून खातायत. मग त्याच्या मुलाला जो काही उपदेश आणि धीर मिळाला तो तरी मेंटॉरने दिला का? बहुतेक वेळा मेंटॉरचं रूप घेऊन अथीना देवी येत होती. काम देवीचं आणि नाव म्हाताऱ्याचं. जगातल्या पहिल्याच मेंटॉरची ही कथा, तर पुढच्यांकडून फार अपेक्षा कशाला ठेवायची.

माझी मेंटी सव्वीस वर्षांची, हुशार, कामाला वाघ. पहिल्या भेटीतच तिने विचारलं, "सर, आपलं किती महिन्यांचं आहे?" मी म्हणालो, सहा. तिने तिथल्या तिथे कॅलेंडरमध्ये शेवटची तारीख टाकली. मी तिला सगळं शिकवलं. फायली उरल्या नव्हत्या तरी फाइलवरच्या सह्यांचा क्रमसुद्धा सांगितला. मीटिंगांत तिच्या पाठीशी खंबीर उभा राहिलो. सहा महिने झाल्या दिवशी संगणकाने आपण होऊन दोघांना ईमेल पाठवली: मार्गदर्शन पूर्ण झाले, कृपया अभिप्राय द्या. तिने मला पाचापैकी चार गुण दिले. एक गुण कापल्याचं कारण खाली सभ्य इंग्रजीत लिहिलं होतं. सर मनाने फार चांगले आहेत, पण मीटिंगमध्ये माझं वाक्य पूर्ण होऊ देत नाहीत.

परवा साहेबांचा फोन आला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून काढता येतो म्हणे, पण तो मोबाइल काही केल्या त्यांना जिवंत मानत नाही. "तू जरा येऊन बघ रे," म्हणाले. "उजेड साधारण..." आणि थांबले. मीही थांबलो. फोनवर बराच वेळ पंख्याचा आवाज. मग त्यांनीच पुरं केलं, "कमी पडतोय बहुतेक."

रविवारी जातोय. ठाणे, सी विंग, चौथा मजला. लिफ्ट बंद आहे.